छतावरच्या पाण्याची उतरती वाट

नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पावसाळ्यात प्रवाह कोसळत असताना आतली दालने कोरडी राहतात, कारण पाण्याची वाट बांधकामाबरोबरच आखली गेली होती. नळदुर्ग ज्या जिल्ह्यात आहे त्या धाराशिव जिल्ह्यातील साध्या घरालाही हेच तत्त्व लागू पडते. माळवदाच्या, म्हणजे तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या, जुन्या घरांत पावसाचे पाणी पन्हळीतून भिंतीपासून दूर पडत असे. स्लॅबच्या घरात मात्र ते उभ्या नळातून उतरवले जाते आणि वाटेत छज्जा किंवा बाहेर आलेली तुळई आडवी येते.

उभा नळ पाण्याने पूर्ण भरत नाही. पाणी आतल्या बाजूला चिकटून थराने उतरते आणि मधल्या पोकळीत हवा खेळती राहते. अडथळा चुकवताना काटकोनी वळणे देऊन मधला तुकडा आडवा ठेवला, तर वेग एकदम घटतो, थर जाड होऊन हवेची वाट बुजू लागते आणि वाहून आलेली माती व कडुनिंबाचा पाला तेथेच साचतो. त्याऐवजी ४५ अंशांच्या दोन वळणांमध्ये तिरका तुकडा बसवला, तर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ७० टक्के घटक प्रवाहाच्या दिशेनेच कार्य करतो आणि गाळ पुढे ढकलला जातो. प्रत्येक सांध्यात वरच्या नळाचे टोक खालच्या नळाच्या तोंडात जावे, म्हणजे पाणी फटीतून बाहेर झिरपत नाही.

नळ तांब्याचा असेल, तर त्याचे पाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर सोडू नये, कारण पाण्यात विरघळलेले तांबे जस्तावर बसून पत्रा झपाट्याने गंजवते. तापमान ४० अंशांनी वाढल्यास तांब्याचा ३ मीटर नळ सुमारे २ मिलिमीटर, तर पीव्हीसीचा त्याच्या तीन-चार पट लांबतो. म्हणून सांध्यात सरकण्यास जागा ठेवावी लागते.

अवर्षणप्रवण जिल्ह्यात या काटेकोरपणाचे मोल मोठे आहे. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तरी ५६,००० लिटर पाणी मिळते. ते टाकीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात पोहोचावे यासाठी वळणांवर उघडता येणारी झाकणे ठेवून ती मृग नक्षत्रापूर्वी साफ करणे आवश्यक ठरते.