आठ स्क्रूंचा दिवस

सकाळी 6.15, टंगमर्ग

खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलंय. चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, संपत आलेत. थंडीला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही. घरमालकीण समोवारमधून नून चाय ओततात. मिठाचा हा गुलाबी चहा पहिल्या हंगामात माझ्या घशाखाली उतरत नव्हता. आता तो पोटात गेल्याशिवाय बोटं सरळ होत नाहीत, आणि माझं पोट बोटांवरच आहे. पुण्यात बारा वर्षं सायकली दुरुस्त केल्या. हिवाळ्यात इथे भाड्याच्या स्नोबोर्डांची बाइंडिंगं सांभाळतो.

7.30, गुलमर्ग

तेरा किलोमीटरचा चढ, सुमोच्या चाकांना साखळ्या. दुकानात शिरलं की आधी बुखारी (शेगडी) पेटवायची, मग एकेक बोर्ड बाकावर घ्यायचा. बाइंडिंग म्हणजे बोर्डावरचं खोगीर. खाली बेसप्लेट, मागे पोटरीला टेकणारी पाठ (तिला हायबॅक म्हणतात), घोट्यावर एक पट्टा, बोटांवर दुसरा. मधल्या गोल चकतीतून चार स्क्रू बोर्डात जातात. दोन पायांचे आठ.

आठही रोज पिळून बघतो. उतारावरच्या थरथरीने ते ढिले होतात. ढिला स्क्रू तसाच वापरला की बोर्डातले आटे जातात, आणि आटे गेले की बोर्ड गेला. सायकलवाल्याला हे वेगळं सांगायला नको. पट्ट्यांचे दातेही बघायचे. उणे दहाला प्लास्टिक खडूसारखं मोडतं.

9.00

पहिलं गिऱ्हाईक नाशिकचं कुटुंब. "अहो, तुम्ही आपल्याकडचेच की!" म्हणून काकूंनी चिवड्याची पुडी हातात ठेवली. मुलाला आज पहिल्यांदा बोर्डावर उभं राहायचंय. त्याला मऊ बाइंडिंग दिलं. मऊ असलं की पाय चुकला तरी बोर्ड लगेच उसळत नाही. पाच मिनिटांचं काम.

9.40

पुढच्या पोराला मात्र तासभर लागला. ठाण्याचा, दोन हंगाम शिकलेला.

"दादा, सगळ्यात कडक जोडी द्या. अफरवटच्या डोंगरावरून उतरायचंय."

"बूट कोणते आहेत?"

त्याने दाखवले. मध्यम लवचीक, स्वतःचे, पायात छान मुरलेले.

"मग कडक बाइंडिंग घेऊन काय करणार? बूटच घोट्यात दुमडेल."

त्याला पटेना. म्हणून त्याला बोर्डावर उभं केलं आणि टाचेवर रेलायला सांगितलं. पोटरी हायबॅकला रेटते, हायबॅक बोर्डाची टाचेकडची कड दाबते, आणि ती कड बर्फात रुतते. मधे जितकी कमी लवचिकता, तितका हुकूम लवकर पोचतो. टणक बर्फावर, वेगात, उभ्या कड्यावर हे फार कामाचं. पण झाडांमधून वळताना किंवा दुपारी मांड्या भरून आल्यावर पायाची प्रत्येक डुगडुगही तितक्याच लवकर बोर्डापर्यंत जाते.

कंपन्या कडकपणाला एक ते दहा आकडे देतात. प्रत्येकीचा गज वेगळा, त्यामुळे एकीचा सहा दुसरीच्या सहाशी जुळेलच असं नाही. तरी दाबलेल्या उतारावरही जायचंय आणि ताज्या बर्फातही, तर पाच ते सातमधलं बघावं. हायबॅक जरा ताठ, घोट्याचा पट्टा रुंद आणि किंचित नमणारा. नऊ-दहा आकडे ज्याचे बूट, पाय आणि उतार तिन्ही तसे असतील त्याच्यासाठी.

मग बसवणं. टाच मागच्या कपात चपखल बसली पाहिजे. बूट बोर्डाबाहेर पुढे जेवढा डोकावतो तेवढाच मागे; नाहीतर वळणावर टाच किंवा चवडा बर्फाला घासून माणूस आपटतो. डावा पाय पुढे, अठरा अंशांवर. उजवा उलट्या दिशेला सहा अंशांवर. रात्री बर्फ पडलंय, म्हणून दोन्ही पाय एकेक भोक मागे घेतले. वजन मागे गेलं की बोर्डाचं नाक भुसभुशीत ताज्या बर्फावर तरंगतं.

शेवटची परीक्षा माझी स्वतःची. "जाड हातमोजे घाला, डोळे मिटा, दोन्ही पट्टे उघडा." पहिल्या जोडीचा खटका हातमोज्यात सापडेना. दुसरी घेतली.

10.45

दारातून गोंडोला, म्हणजे केबल कार, दिसतो. पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला; तो कोंगदूरीपर्यंत नेतो. 2005 सालचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर सोडतो. तिथून पुढे यंत्राने दाबलेला रस्ता नाही, मोकळा डोंगर आहे. गस्तीपथकाने उतार तपासल्याशिवाय तो टप्पा उघडत नाही, आणि आज अजून उघडलेला नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला याच अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले.

डोळे मिटून पट्टे उघडायला लावतो ते यासाठी. स्कीचं बाइंडिंग जोराच्या आपटीत आपोआप सुटतं. स्नोबोर्डचं सुटत नाही. दोन्ही पाय अडकलेलेच राहतात, हाताने सोडवेपर्यंत. पोराकडे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, फावडं, प्रोब आणि सोबत वाटाड्या आहे, हे बघूनच बोर्ड दिला.

दुपारी 1.15

राजमा-चावल अर्धा झाला तोच ठाणेकर परत. अजून पहिल्याच टप्प्यावर फिरतोय, पोटऱ्या पेटल्यात. हायबॅक फारच पुढे झुकवलेलं होतं. चूक माझी. दोन खाचा मागे घेतलं.

2.30

एका परदेशी पाहुण्याचं बिनपट्ट्याचं, खटकन बसणारं बाइंडिंग. चढणं-उतरणं झटपट, पण त्याला त्याचेच खास बूट लागतात. टाचेकडचा एक बारीक भाग मोडलाय आणि तो अख्ख्या गुलमर्गमध्ये मिळणार नाही. त्याला बूट आणि पट्ट्यांची जोडी भाड्याने दिली. दात्यांची पट्टी, खटका, स्क्रू यांचा माझ्याकडे डबाभर साठा आहे. मोडलं तर दहा मिनिटांत पुन्हा उभं. पट्टेवालंच श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. पण जिथे दुरुस्तीचं दुकान दूर असेल, तिथे ज्याचे सुटे भाग मिळतात तेच बाइंडिंग घ्यावं.

4.45

बोर्ड परत येतात. बेसप्लेटवर बुटाखाली दाबून बर्फ झालेला असतो. तो खरवडायचा, पट्टे बुखारीपासून हातभर लांब वाळवायचे. ठाणेकर आला तो चेहरा लाल आणि तोंड बंद न होणारा. दुसरा टप्पा दुपारी उघडला, एक फेरी मिळाली. बाइंडिंगबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बाइंडिंगची पायात जाणीवच उरली नाही, म्हणजे ते बरोबर बसलं.

त्याच्या बोर्डाचे स्क्रू पाहिले. सकाळी मीच आवळलेले. तरी आठातले दोन पाव फेरा ढिले.

6.00

शटर ओढलं. तुम्ही कधी बोर्ड घेऊन डोंगरात गेलात, तर खिशात तीन नंबरचा छोटा स्क्रू ड्रायव्हर असू द्या. पहिली उतरण झाली की थांबा, आणि आठही पुन्हा आवळा.