जुन्या पिकअप गाडीची दुरुस्ती : कोठवर करावी?

शेतमाल बाजारांत नेण्याकरितां घेतलेली पिकअप गाडी दहा-बारा वर्षांची झाली म्हणजे एक प्रसंग हटकून येतो. मिस्त्री इंजिन उघडून दाखवितो, लाखाच्या आसपास खर्च सांगतो, आणि मालक गॅरेजच्या दारांत विचार करीत उभा राहतो. घरीं दोन मतें पडतात. वडील मंडळी म्हणतात, गाडी अंगवळणी पडलेली आहे, पैसे घालून चालवावी. मुलगे म्हणतात, विकून नवी घ्यावी. निकाल लागतो तो बहुधा हिशेबानें नव्हे, तर त्या आठवड्यांत हातांत किती पैसे आहेत त्यावरून. याविषयीं आमच्या अनुभवास आलेल्या कांहीं गोष्टी येथें मांडीत आहों.

आरंभीं आमचीच चूक सांगतों. सन २०१७ च्या पावसाळ्यांत आमच्या अकरा वर्षांच्या गाडीचें इंजिन निळा धूर टाकूं लागलें. पिस्टन, रिंगा व लायनर बदलले, हेड घासून घेतलें. बिल ८६,००० रुपये झालें. इंजिन नव्यासारखें चालूं लागलें यांत संशय नाहीं. परंतु पुढील एप्रिलांत उन्हाळ कांदा भरून जात असतां, मागचे पाटे जेथें चेसीस अडकविलेले असतात तेथेंच चेसी फाटली. हौदा एका अंगास कलला व कांदा रस्त्यावर आला. माणसास इजा झाली नाहीं एवढेंच समाधान. त्या जागचा गंज चिखलाच्या थराखालीं किती वर्षें वाढत होता कोण जाणे. इंजिन बांधणारानें तेथें पाहिलें नाहीं, आणि आम्हींही पाहिलें नाहीं. अखेर ती गाडी त्या नव्या केलेल्या इंजिनासह भंगाराच्या भावानें द्यावी लागली.

तेव्हां पहिला प्रश्न इंजिनाचा नाहीं, चेसीचा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, पाटे हीं सर्व बदलतां येणारीं अंगें होत. चेसी म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा. तो गेला म्हणजे बाकीचें सारें सामान होऊन राहतें. तडा गेलेल्या चेसीस वेल्डिंग करून देणारे पुष्कळ भेटतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेनें शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो, आणि पुढचा तडा बहुधा सांध्याच्या लगतच जातो. एक जुनी, नीट केलेली पट्टी दिसली तर गाडी लगेच बाद समजूं नये; पण पट्टीवर पट्टी चढविलेली आढळली तर तेथें इंजिनावर एक रुपयाही घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चेसी पहाण्यास मोठी विद्या लागत नाहीं. गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुवावी, एक दिवस वाळूं द्यावी, आणि लहान हातोडीनें टोकीत जावें. चांगलें पोलाद खणखणतें. कुजलेलें बद्द वाजतें व पापुद्रे सोडतें. केबिनच्या मागची बाजू, बॅटरीखालची जागा, पाट्यांचे आधार आणि हौद्याचे बोल्ट येथें विशेष लक्ष द्यावें. शेतकऱ्याच्या गाडीस गंज अधिक चढतो याचें कारण तिचा माल. फाटक्या गोणींतून सांडलेलें खत, विशेषतः पोटॅशचें, ओल धरून बसतें व त्यांतील क्षार लोखंड खातो. ओल्या शेणखताचेंही तसेंच. कोंकणांतील गाडीस खाऱ्या हवेची भर असते. दुसरें कारण जादा ओझें. नोंदणीच्या पुस्तकांत गाडीचें रिकामें वजन व भरलेलें कमाल वजन हे दोन्ही आकडे छापलेले असतात. त्यांतील अंतर हेंच तिचें ओझें. हे आकडे न वाचतां वर्षानुवर्षें भरलेल्या गाडीचें वय पुस्तकांतील वयाहून जास्त धरावें.

चेसी निर्दोष असेल तर मग इंजिन पहावें. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि तें काम पुष्कळदां इंजेक्टर वा एअर फिल्टर यांवरच भागतें. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल व रेडिएटरचें पाणी उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑईल दुधी झालें असेल तर त्यांत पाणी शिरलें हें निश्चित, आणि तशी गाडी एक मैलही चालवूं नये. इंजिन चालू ठेवून ऑईल भरण्याचें झांकण उघडावें. तेथून धुराचे भपके जोरानें येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. तरीही इंजिन उघडण्यापूर्वीं सर्व सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. एकच सिलिंडर कमी भरला तर दोष त्या एका जागेपुरता असूं शकतो, आणि संपूर्ण इंजिनाचा खर्च वांचतो.

आतां हिशेब. लोक म्हणतात, दोन लाखांच्या गाडीवर ९०,००० घालून तिची किंमत ९०,००० नीं वाढत नाहीं, म्हणून तो तोटा. हें बोलणें खरें, पण अपुरें आहे. विकावयाच्या गाडीचा हा हिशेब झाला. आपणांस गाडी चालवावयाची आहे. समजा, दुरुस्तीनंतर गाडींत आपले २,९०,००० रुपये अडकले, आणि तीन वर्षांनीं ती १,१०,००० ला गेली. दरसालची घट ६०,०००, अडकलेल्या रकमेचें व्याज दरसाल सुमारें २०,०००, इतर दुरुस्त्या ४०,०००, एकूण १,२०,०००. नवी गाडी १० लाखांस घेऊन पांच वर्षांनीं ५ लाखांस विकली असें धरल्यास घट एक लाख, दहा टक्क्यांनीं सरासरी व्याज ७५,०००, जादा विमा व देखभाल २५,०००. एकूण दोन लाख. म्हणजे जुनी गाडी दरसाल ८०,००० नीं स्वस्त. आंकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपले घालावे. वर्षांत पन्नासच खेपा होत असतील व खेपेस भाडें २,५०० पडत असेल, तर भाड्याचा खर्च १,२५,००० होतो, आणि त्यांत डिझेल व चालक दोन्ही आले, जे वरील दोन्ही बेरजांत धरलेले नाहींत. अशा शेतकऱ्यास गाडी हौसेकरितां हवी असल्यास आमची हरकत नाहीं.

परंतु त्या ८०,००० च्या लाभावर एक बोजा आहे, तो म्हणजे गाडी ऐन वेळीं उभी राहण्याचा. येथें पीक कोणतें हें पहावें लागतें. उन्हाळ कांदा चाळींत असेल तर गाडी आठ दिवस गॅरेजमध्यें राहिली म्हणून त्याचें फारसें बिघडत नाहीं. टोमॅटोची तोडणी मात्र दोन-तीन दिवसांआड येते आणि पिकलेलें फळ मिस्त्रीची वाट पाहात नाहीं. फुलांस तर एक सकाळच असते. एकाच गांवांतील, एकाच वयाच्या दोन गाड्यांपैकीं कांदेवाल्यानें आपली दुरुस्त करावी आणि टोमॅटोवाल्यानें आपली काढून टाकावी, हें म्हणूनच विसंगत नव्हे. मोठी दुरुस्ती करणें झाल्यास ती हंगाम संपतांच करावी. हंगामाच्या तोंडावर नव्यानें बांधलेल्या इंजिनास भरलेल्या गाडीखालीं रुळावें लागतें.

वयामुळें गाडी आपोआप बाद होते अशी समजूत गांवोगांवीं आढळते. ती दिल्लीकडील निर्बंधांच्या बातम्यांवरून पसरली असावी. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी पुनः न करण्याचा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम सरकारी वाहनांचा आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या आपल्या गाडीस आठ वर्षांनंतर दरसाल पासिंग करून घ्यावें लागतें, आणि पंधरा वर्षांनंतर त्याचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेंच वाढलें आहे. हा खर्च हिशेबांत धरावा. गाडी मोडीत काढणेंच ठरलें तर ती नोंदणीकृत केंद्रांत देऊन दाखला घ्यावा. त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करांत पंधरा टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून हा दाखला मिळत नाहीं, आणि गाडीचें पुस्तक मात्र आपल्या नांवावर चालू राहतें.

नवी घेणारांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांस धुरांतील काजळी अडविणारी जाळी बसविलेली असते. ती मधूनमधून लांब, वेगाच्या फेरींत तापून काजळी जाळून टाकते. मळा ते गांव अशा दोन-तीन मैलांच्या संथ खेपांनीं ती तुंबूं लागते, व मग गाडीचा जोर कमी होतो. अशी गाडी आठवड्यांतून एकदां तरी मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मैल न्यावी.

दुरुस्तीच ठरली तर काम सुरू होण्यापूर्वीं कोणते भाग बदलणार व कोणते घासून वापरणार हें कागदावर लिहून घ्यावें, आणि ठरलेल्या रकमेवर जाण्यापूर्वीं विचारावें असें सांगून ठेवावें. काढलेले जुने पिस्टन, रिंगा व बेअरिंगें पोत्यांत घालून घरीं आणावीं. त्यांचें मोल भंगाराइतकेंच असतें, पण पोतें मागणाऱ्या मालकाच्या गाडींत जुनाच भाग पुसून परत बसविला जाण्याचा संभव कमी होतो.