अंडं कुणाच्या अखत्यारीत?

बंगळुरूच्या सरकारी शाळेत दुपारी मुलाला उकडलेलं अंडं मिळावं की नाही, हे कोण ठरवतं? एवढंच शोधायला गेलं तरी शिक्षणातलं केंद्र-राज्य भांडण बरंचसं कळतं. तांदूळ केंद्राचा. शिजवण्याच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. अंडं मात्र कर्नाटकानं स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं, आठवड्यातून दोनदा. २०२४ पासून उरलेल्या चार दिवसांचा भार अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलतं. ज्याला अंडं नको त्याला केळं.

मी मूळची मिरजेची. इथलं कन्नड शिकले ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांकडून. त्यांची मुलगी सरकारी शाळेत आहे आणि अक्का तिथल्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा समितीवर. त्यांच्या शाळेत जेवण अक्षयपात्र संस्थेच्या गाडीतून येतं. त्यात कांदा-लसूण नसतो, मग अंडं कुठलं असायला? अंडी शाळेनं आणायची, उकडायची, सोलायची, आणि हे सगळं अंड्यामागे ६ रुपयांत बसवायचं. थंडीत भाव चढला की वरचे पैसे मुख्याध्यापिकाबाई पदरचे घालतात. अक्का म्हणतात, "अंडी किती आली ते मी मोजते. गणिताच्या बाई कधी येणार, ते कुणाला विचारू?"

प्रश्न रास्त आहे. कर्नाटकात या समित्या २००१ पासून आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असं देशभरासाठी लिहूनच ठेवलं. पण शिक्षक नेमणं, त्यांची बदली करणं हे सारं राज्याच्या खात्याकडे.

वरच्या पातळीवर मात्र ओढाताण जोरात असते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत शिक्षण राज्यांच्या सूचीत होतं; मग ते समवर्ती सूचीत गेलं. २०२१ मध्ये इथल्या भाजप सरकारनं दिल्लीचं नवं शैक्षणिक धोरण कॉलेजांपासून लागू केलं. २०२३ मध्ये काँग्रेसनं ते बाजूला सारून राज्याच्या धोरणासाठी आपल्याकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांचा आयोग नेमला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगानं दोन भाषांचं सूत्र सुचवलं, दिल्लीचं तीनचं. महाराष्ट्रातही त्याच वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि २९ जूनला सरकारनं आदेश मागे घेतले.

या सगळ्यात शहर कुठे आहे? पुण्या-मुंबईकडे 'महापालिकेची शाळा' म्हटलं की काही सांगावं लागत नाही. इथं पालिकेच्या शाळा मोजक्याच, बाकी राज्याच्या. शिवाय नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली ती संपलीच. पाच वर्षांनी एका पालिकेच्या पाच केल्या, तेव्हाही शहरात एक नगरसेवक नव्हता. दाद मागायची तर थेट आमदाराकडे.

म्हणून सगळं पालकांच्या हाती द्यावं का? २०२५ च्या जुलैत मंड्या जिल्ह्यातल्या एका गावात, देवळाजवळच्या शाळेत अंडी शिजवू नका म्हणून पालक अडून बसले आणि अनेकांनी मुलांचे दाखले काढून नेले. ज्या घरांना अंडं हवं होतं, त्यांचा आवाज तिथं कितीसा चालणार? मला वाटतं, शिक्षकांच्या बाबतीत समितीचं ऐकावं, अंड्याचं मात्र राज्यानंच ठरवावं. अक्कांना यातलं पहिलं पटतं. दुसरं ऐकून त्या म्हणाल्या, "विचारायचं तर सगळंच विचारा की."