परसातलं काँक्रीट आणि काळी माती

पावसाळ्यात मागच्या दारी पाऊल टाकलं की चपलेला शेरभर चिखल येतो. कामवाल्या बाई कुरकुरतात, मुलं तेच पाय घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरतात, आणि मग एक दिवस तुम्ही ठरवता की आता काही नाही, यंदा परसात काँक्रीट टाकून घ्यायचंच. बरोबर ना? तुमचं घर मुरमाड जागेवर असेल तर खुशाल टाका, हा लेख वाचायचीही गरज नाही. पण उन्हाळ्यात जिथे मुलाचा चेंडू जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात जी लोण्यासारखी मऊ होते, अशी काळी माती तुमच्या परसात असेल, तर मैत्रिणींनो, मिस्त्रीला सुपारी देण्याआधी थोडं थांबा. मी थांबले नव्हते.

आमचं घर अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला, नव्या ले-आऊटमध्ये. आमच्या आधी तिथे कपाशी आणि तूर उभी असायची. घर बांधताना यांनी इंजिनिअरला विचारून पाया खोल घेतला, त्यामुळे घराला काही झालं नाही. परसाचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. तिथल्या मानधनातून वर्षभर साठवलेले पैसे मी या कामासाठी बाजूला काढले होते. माझ्या पैशातून होणारं घरातलं हे पहिलं काम, त्यामुळे उत्साह दांडगा.

२०१९च्या मे महिन्यात मिस्त्री आले. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद जागा. त्यांनी गवत खरवडलं, वर विटांचे तुकडे आणि घरबांधणीचा उरलेला राडारोडा पसरला, पाणी शिंपडलं आणि चार इंच काँक्रीट ओतलं. माती भेगाळलेली होती म्हणून मी एकदा विचारलंही. "काई होत नाई बाई, चार इंच टाकतो ना, हत्ती नाचवा त्याच्यावर," असं उत्तर मिळालं. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काळीवर घर बांधून बसलोय आपण, पांढरीवर नाही. ती स्वस्थ बसायची नाही." आम्ही हसलो.

श्रावणात कुंपणाकडची आणि धुण्याच्या दगडाकडची कड उचलली गेली. बाहेर उघडणारं जाळीचं दार घासू लागलं आणि मग अर्धंच उघडू लागलं. पाणी कुंपणाकडे जायचं ते उलट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन साचू लागलं. मधोमध एक लांब तडा गेला आणि त्याला फांद्या फुटल्या, थेट नकाशातल्या नदीसारख्या. पुढच्या उन्हाळ्यात कडा खाली बसल्या, मधला भाग कासवाच्या पाठीसारखा वर राहिला, आणि तड्याच्या एका बाजूला बोटभर उंचीची धार तयार झाली. त्याच धारेला अडखळून सासूबाई पडल्या. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, आणि त्यानंतर कितीतरी दिवस पोळी लाटताना हात दुखायचा. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आठवीच्या मुलांना मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते : रेगूर मृदा, बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली, ओलावा धरून ठेवणारी, कोरडी झाली की भेगाळणारी. परीक्षेत दोन गुणांना हा प्रश्न असतो. तो माझ्याच परसात सोडवायची वेळ आली तेव्हा मी नापास झाले.

आता ही माती असं का करते ते सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्या खडकाची झीज होऊन आपली काळी माती बनली. डोंगरउतारावर ती वीतभरच असते आणि खाली मुरूम लागतो. पूर्णा, तापी, गोदावरी, भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत मात्र ती काही ठिकाणी पुरुषभर खोल जाते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण खाजाच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. म्हणून माती फुगते. पाणी निघून गेलं की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. या फुगण्याचा जोर चौरस मीटरला वीस-तीस टनांपर्यंतही जाऊ शकतो. आणि चार इंच काँक्रीटचं वजन किती? चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आत. मग हत्ती कोण आणि मुंगी कोण ते तुम्हीच ठरवा. सहा इंच टाकलं असतं तरी फरक पडला नसता. जाडी वाढवणं हा या दुखण्यावरचा उपायच नाही.

जुन्या लोकांना हे खनिजाचं नाव ठाऊक नव्हतं, पण व्यवहार ठाऊक होता. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पिकायला काळी, राहायला पांढरी. आता शेतांचे प्लॉट पडले आणि आपण सगळ्याच काळीवर राहायला आलो.

माझ्या मामेबहिणीचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी येऊन तडे पाहिले आणि विचारलं, "या मातीत पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं?" मग बघता बघता लक्षात आलं. धुण्याच्या दगडाचं पाणी रोज त्याच कडेला मुरत होतं, गच्चीचा पाइप कोपऱ्यातच मोकळा सोडलेला होता, आणि खाली पसरलेला राडारोडा म्हणजे तर पाणी साठवायची परातच झाली होती. खालची काळी माती ती परात हळूहळू पीत होती. दुसऱ्या टोकाला शेजारचा मोठा कडुनिंब उन्हाळ्यात मातीतला ओलावा शोषून घेत होता. म्हणजे एकीकडे फुगणं आणि दुसरीकडे आकसणं, आणि मध्ये आमचं बिचारं काँक्रीट.

काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरंही अशीच फुटायची, असं त्यांनी सांगितलं. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर पुष्कळ संशोधन केलं. काळ्या मातीच्या वर न फुगणाऱ्या, पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा थर नीट दाबून बसवला की खालच्या मातीचं फुगणं आवरलं जातं, असं त्यात दिसून आलं. आपल्याकडे असा थर म्हणजे चांगला मुरूम. नुसती वाळू किंवा नुसती खडी नको, त्यातून पाणी सरळ खाली उतरतं. पूर्ण निर्धास्तपणा हवा तर हा थर मीटरभर लागतो. परसासाठी आम्ही दोन फुटांवर भागवलं, थोडीफार हालचाल होणार हे धरूनच.

तुमची माती किती फुगते ते आधी बघून घ्या. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतली दोन मोजपात्रं दिली. वाळवून, कुटून, अगदी बारीक चाळलेली माती दोन्हींत दहा-दहा मिलिलिटर घ्यायची. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतायचं, ढवळायचं आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. आमची रॉकेलमध्ये ११वर बसली आणि पाण्यात २१वर, म्हणजे फुगवटा नव्वद टक्क्यांवर! पन्नासच्या आत असेल तर फारशी काळजी नाही. त्यापुढे मात्र जपून.

दुसरं काम आम्ही २०२१च्या डिसेंबरात केलं. मेमध्ये मुळीच करू नका. तेव्हा माती तहानलेली असते आणि पहिल्या पावसात सगळ्यात जास्त फुगते. कार्तिक-मार्गशीर्षात ती मध्यम ओली असते, आणि ऊन सौम्य असल्याने काँक्रीटलाही बरं. जुनं फोडून दोन फूट खणलं. तिन्ही मोकळ्या बाजूंना हातभर जास्तच खणलं, कारण कडाच आधी भिजतात आणि आधी सुकतात. खड्डा उघडा ठेवून तळ सुकू दिला नाही, गोणपाट टाकून ओलसर ठेवला. परसाचाच हिशोब धरला तर सहा ब्रास मुरूम लागतो, पण कडांसाठी जास्त लागतो आणि दाबल्यावर तो बसतो, म्हणून नऊ ब्रास मागवला. तो एकदम ओतू देऊ नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर बेताचं पाणी आणि भाड्याची यांत्रिक धुमस. मिस्त्रीला हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी शाळेला दोन दिवस सुट्टी टाकून खुर्ची घेऊन तिथेच बसले. मुरूम मिळत नसेल तर वरच्या थरात वजनाच्या चार ते सहा टक्के विरवलेला चुना कालवतात, त्यानेही फुगणं बरंच कमी होतं. पण चुन्याची धूळ डोळ्यांना फार वाईट, मुलांना लांब ठेवा.

मुरमावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर चार इंच काँक्रीट. घराच्या जोत्याला ते चिकटू द्यायचं नाही. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवायची आणि नंतर फट डांबराने भरायची, म्हणजे परस वरखाली झालं तरी भिंतीला ओढ बसत नाही. एका सिमेंटला दीडपट वाळू आणि तिप्पट खडी, आणि पोत्यामागे पाणी २५ लिटरच्या आसपास, तेही बादलीने मोजून. काम सोपं व्हावं म्हणून बिगारी नळी सोडतात, तिथे डोळा ठेवा. सळ्यांची जाळी खाली लोळत राहू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे ठोकळे ठेवून घेतले. पाच-पाच फुटांवर सव्वा इंच खोल खाचा पाडल्या, म्हणजे तडा जायचाच असेल तर खाचेतून सरळ जाईल. जाळी मात्र खाचेखालून अखंड ठेवली, शेजारच्या दोन तुकड्यांत पुन्हा ठेच लागणारी धार नको म्हणून. उतार घरापासून कुंपणाकडे, फुटाला पाव इंच. आमच्या पंधरा फुटांत तो पावणेचार इंच भरला.

पाणी मारायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. पिशवीवर पी.पी.सी. लिहिलेलं सिमेंट असेल तर निदान दहा दिवस तरी ओल हवी. त्यांनी जुनी गोणपाटं पसरून चौदा दिवस पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी भिजवलं, एकदाही चुकवलं नाही. गच्चीचा पाइप बंद नळीतून थेट गटारात नेला. धुण्याच्या दगडाभोवती सिमेंटची पन्हाळ केली आणि नळाचा वायसर बदलला. वायसरला वीस रुपये लागले.

एवढा खर्च झेपत नसेल तर काँक्रीट टाकूच नका. फूटभर दाबलेल्या मुरमावर शहाबादी फरशी नुसती मांडून घ्या, सिमेंटने न जोडता. एखादी वर आली तर उचलायची, खाली सारखं करायचं आणि परत ठेवायची. माझ्या शेजारणीने हेच केलं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी चार-सहा फरश्या ती आणि तिचा मुलगा मिळून बसवतात.

आमच्या कडुनिंबाकडच्या खाचेत एक बारीक तडा आला आहेच. मी त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून तारीख लिहून ठेवली आहे. पोळ्याच्या सुमाराला तो मिटतो आणि होळीनंतर पोस्टकार्डाच्या कडेएवढा उघडतो. जाळीचं दार पूर्ण उघडतं. सासूबाई वाळवणं तिथेच घालतात, फक्त तड्याजवळ आल्या की अजूनही पाय जरा उचलून टाकतात.