पडद्यामागचा खेळ (लेखांक ९) : ९९ जणांचा डाव आणि थांबवून ठेवलेला कचरा

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी निन्तेन्दोने आपल्या स्विच या यंत्रावर ‘टेट्रिस ९९’ आणला. बनवला होता अरिका या जपानी कंपनीने. टेट्रिस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच पट, वरून पडणारे सात आकारांचे ठोकळे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, आणि रास वरपर्यंत चढली की खेळ संपतो. इथे मात्र असे ९९ पट एकाच वेळी चालू असतात. एकदम दोन किंवा त्याहून जास्त ओळी उडवल्या की समोरच्याच्या पटाखालून राखाडी ओळी वर येतात. खेळणारे त्यांना सरळ कचरा म्हणतात. एकेक जण बुडत जातो आणि शेवटी उरेल तो जिंकतो. इथे एक शंका यायलाच हवी. दोन खेळाडूंचा मारामारीचा खेळ इंटरनेटवर धड चालवताना अभियंत्यांचा कसा घाम निघतो, ते गेल्या लेखांकात आपण पाहिले. मग ठोकळे क्षणाक्षणाला कोसळत असताना ९९ जणांचा डाव चालतो तरी कसा? माझे म्हणणे असे की हा खेळ दिसतो तितका वेगवान नाही, निदान सगळीकडे नाही. वेग आहे तो प्रत्येकाच्या पटाच्या आत. पटापटांमधला व्यवहार मुद्दाम संथ ठेवला आहे. आणि गंमत म्हणजे ज्या नियमाने तो संथ झाला, तो नियम घरोघरी इंटरनेट पोहोचण्याच्या आधीचा आहे.

आधी अडचण किती मोठी आहे ते मोजू. असे खेळ पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतात, म्हणजे एका चित्राचे आयुष्य जेमतेम १७ मिलिसेकंद. मुंबई ते टोकियो हे सरळ रेषेतले अंतर ६,७०० किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा मुंबईतल्या बोटाची हालचाल टोकियोत कळायला ३३ मिलिसेकंद लागणारच. ही झाली आदर्श स्थिती. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, वाटेतली यंत्रे आपला वेळ घेतात आणि घरातला वाय-फाय आणखी भर घालतो. मारामारीच्या खेळात ही दोन-चार चित्रांची दिरंगाई जिव्हारी लागते, कारण तिथे ठोसा बसला की चुकला हे दोघांच्या त्या क्षणीच्या जागांवर ठरते. दोन्ही यंत्रांना एकच क्षण एकसारखा दिसावा लागतो. म्हणून तिथे ‘रोलबॅक’सारखी कसरत करावी लागते : आधी अंदाजाने पुढे जायचे, अंदाज चुकला तर मागे येऊन दुरुस्ती करायची.

टेट्रिसमध्ये असा सामाईक क्षणच नसतो. माझ्या पटावर काय होईल हे दोनच गोष्टींवर ठरते : माझी बोटे आणि माझ्या वाट्याला आलेला ठोकळ्यांचा क्रम. हा क्रमही निव्वळ नशिबावर सोडलेला नाही. आजच्या बहुतेक टेट्रिसमध्ये सातही ठोकळे जणू एका पिशवीत घालून हलवतात, एकेक करून सगळे काढतात आणि मग पिशवी पुन्हा भरतात. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन ठोकळ्यांमध्ये जास्तीत जास्त बारा दुसरे ठोकळे येऊ शकतात. (पिशवी नसती तर काय झाले असते? हायडी बर्जियल या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली सिद्ध करून दाखवले की नागमोडी आकाराचे दोन ठोकळे आलटून पालटून येतच राहिले, तर कितीही कसलेला खेळाडू शेवटी हरतोच. इतका दुर्दैवी क्रम प्रत्यक्षात येणे जवळजवळ अशक्य. पण एका डावात ९९ जण असले, की त्यातल्या कुणाला तरी बरीच वाईट पाळी येणार हे धरूनच चालावे लागते.) आता या पटाचा ऐवज केवढा तेही पाहा. घरे दोनशे. घर भरलेले की रिकामे, एवढेच सांगायचे तर दोनशे बिट, म्हणजे २५ बाइट. मराठीतला एक एसएमएस १४० बाइटांचा असतो, त्यात असे पाच पट बसतील. ‘टेट्रिस ९९’मध्ये आपल्या पटाच्या दोन्ही बाजूंना इतर ९८ जणांचे चिमुकले पट दिसत असतात. ते सगळे मिळून या हिशेबाने अडीच हजार बाइटसुद्धा होत नाहीत. शिवाय ते चिमुकले पट थोडे शिळे असले तरी कुणाचे काही बिघडत नाही. हल्ला तर याहूनही किरकोळ : कुणाकडून, कुणाला, किती ओळी.

हल्ल्याचा हिशेबही जुनाच आहे. अलेक्सेई पाजितनोव यांनी मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात १९८४ च्या सुमारास हा खेळ लिहिला, तेव्हा तो एकट्याने खेळायचा होता. ज्या इलेक्ट्रोनिका ६० यंत्रावर तो लिहिला, त्याच्यावर चित्रेही काढता येत नसत. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले जायचे. १९८९ साली तो निन्तेन्दोच्या गेम बॉयवर आला आणि दोन गेम बॉय वायरने जोडून दोघांनी खेळायची सोय झाली. दोन ओळी उडवल्या तर समोरच्याला एक ओळ, तीनला दोन, आणि चार एकदम उडवल्या तर चारच्या चार. तीस वर्षांनी ‘टेट्रिस ९९’नेही पायाभूत हिशेब हाच ठेवला. त्या वायरीतून सेकंदाला जेमतेम हजार बाइट जात असत आणि तेवढे पुरत होते. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की जाळे किती अरुंद असले तरी चालते, हे १९८९ सालीच ठरून गेले होते. उरला होता तो दिरंगाईचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर एका वेगळ्याच खेळातून आले.

तो खेळ म्हणजे ‘पुयो पुयो’. हिरोशिमाच्या कंपाइल या कंपनीने तो १९९१ मध्ये काढला आणि १९९२ मध्ये तो सेगाच्या मदतीने जपानच्या गेम पार्लरांत पोहोचला. पट सहा घरे रुंद आणि बारा घरे उंच. एकाच रंगाचे चार लिबलिबीत गोळे जोडले गेले की फुटतात, वरचे खाली घसरतात, त्यांतून पुन्हा चार जुळले तर तेही फुटतात. अशी साखळी जितकी लांब, तितके निरुपयोगी गोळे समोरच्याच्या डोक्यावर. पहिल्या आवृत्तीत एक मोठी खोट होती. आधी ज्याची मोठी साखळी सुटेल, तो जवळजवळ जिंकलाच. दुसऱ्याने मार खायचा एवढेच. १९९४ च्या ‘पुयो पुयो त्सू’ने यावर वजावटीचा नियम आणला. आलेला मार लगेच पडत नाही, पटाच्या वर ताटकळत राहतो. तेवढ्या वेळात मी माझी साखळी सोडली तर ती आधी त्या मारातून वजा होते आणि उरेल तेवढाच मार उलट समोरच्याकडे जातो. एका नियमाने सगळा डाव पालटला. आता आधी हात उगारणाऱ्याचेच फावेल असे उरले नाही. समोरच्याची साखळी टप्प्याटप्प्याने फुटताना दिसते, ती कुठवर जाईल हे मोजता येते, आणि त्यावर आपण काय सोडायचे, किती राखून ठेवायचे, हे ठरवता येते.

हा नियम न्यायासाठी केला होता, इंटरनेटसाठी नाही. पण त्याचा तांत्रिक परिणाम बघा. ‘टेट्रिस ९९’मध्ये तुमच्यावर चार ओळींचा हल्ला झाला की त्या लगेच खालून येत नाहीत. पटाच्या डाव्या कडेला चार चौकोन रांगेत उभे राहतात. वेळ सरेल तसा त्यांचा रंग बदलत धोक्याच्या लाल रंगाकडे जातो. मुदत संपल्यावरही ते एकदम घुसत नाहीत. तुमचा हातातला ठोकळा बसावा लागतो, आणि त्या ठोकळ्याने ओळ उडाली तर कचऱ्याला आणखी ताटकळावे लागते. मधल्या काळात तुम्ही चार ओळी उडवल्या तर रांगच पुसली जाते. म्हणजे हल्ला निघाल्यापासून लागू होईपर्यंत खेळाने स्वतःच काही सेकंदांची मुदत ठेवली आहे. त्या मुदतीत शंभर-दोनशे मिलिसेकंदांची जाळ्यातली दिरंगाई कुठल्या कुठे बुडून जाते. रांगेतला चौकोन थोडा उशिरा उगवला, तर खेळणाऱ्याला तो उशीर कळतही नाही. मारामारीच्या खेळात दिरंगाई लपवायला स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. इथे ती नियमाच्या पोटात आपोआप मावली.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे : मग याला एकत्र खेळणे तरी कशाला म्हणायचे? ९९ माणसे आपापल्या खोलीत पेशन्स लावत बसली आहेत आणि अधूनमधून एकमेकांकडे कचरा टाकताहेत, इतकेच ना? आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. पण प्रत्यक्ष डावातले निर्णय पाहिले की उरलेला अर्धा गळून पडतो. हल्ला कुणावर करायचा हे खेळाडू ठरवतो. वाटेल त्याच्यावर, आपल्यावर हल्ला करणाऱ्यांवर, बुडायला आलेल्यांवर, की ज्यांच्याकडे जास्त बिल्ले जमलेत त्यांच्यावर. बुडायला आलेल्याला बुडवले तर त्याचे बिल्ले आपल्याकडे येतात आणि आपले पुढचे हल्ले जड होतात. म्हणून दुबळ्याला हेरणे फायद्याचे. पण सगळ्यांनीच तसे केले तर बलवान मोकाट सुटतो. एकाच वेळी चार-पाच जणांनी तुम्हाला लक्ष्य केले तर हल्लेखोरांवर उलटणाऱ्या तुमच्या माराला वाढीव जोर मिळतो. त्यामुळे मुद्दाम अंगावर ओढवून घेणे हाही एक डाव होतो. शिवाय कचऱ्याच्या ओळीत एक घर रिकामे असते. त्या रिकाम्या घरांच्या विहिरीवर नेमका उभा ठोकळा सोडता आला तर शत्रूने धाडलेला मालच उलट त्याच्याकडे रवाना करता येतो. एकट्याच्या टेट्रिसमध्ये ‘चार ओळी आत्ता उडवू की राखून ठेवू’ या प्रश्नाला फक्त गुणांपुरता अर्थ होता. इथे तो कुणाच्या तरी जगण्यामरण्याचा प्रश्न होतो. पत्राने खेळले जाणारे बुद्धिबळ कुणी दोन एकाकी माणसांचा उद्योग म्हणत नाही. एकाच्या चालीचे दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते, एवढे पुरते.

दुसरा आक्षेप कोडी सोडवणाऱ्यांचा. ते म्हणतात, एवढ्या घाईत विचार कसला? हे कोडे नव्हेच, ही बोटांची कवायत. याला डेव्हिड किर्श आणि पॉल मॅग्लिओ यांच्या १९९४ सालच्या अभ्यासाचे उत्तर आहे. त्यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांच्या कळांची नोंद तपासली. ठोकळा योग्य जागी बसवायला जितक्या वेळा फिरवावा लागतो, त्याहून जास्त वेळा खेळाडू तो फिरवत होते. हा गोंधळ नव्हता. आकार मनात फिरवून पाहण्यापेक्षा पडद्यावर फिरवून डोळ्यांनी पाहणे लवकर उरकते, म्हणून ते विचाराचा काही भाग बोटांकडे सोपवत होते. म्हणजे घाईने विचार संपत नाही, तो डोक्यातून निघून कळांवर येतो. माझ्या मुद्द्याला याचा थेट आधार आहे. खेळाडू कळांनी विचार करत असेल, तर प्रत्येक कळेला उत्तर तत्काळ मिळालेच पाहिजे. ठोकळा फिरवायला दर वेळी दूरच्या सर्व्हरची परवानगी लागली असती, तर नुसता खेळ अडखळला नसता, विचारच अडखळला असता. पट संपूर्णपणे खेळाडूच्या यंत्रावर ठेवणे म्हणून केवळ सोयीचे नाही, ते अटळ आहे.

तिसरा आक्षेप इथूनच निघतो. पट माझ्याच यंत्रावर असेल तर मी खोटे बोललो तर? न उडवलेल्या चार ओळी उडवल्या म्हणून सांगितले तर? धोका खरा आहे. पण ज्या गुणाने हा धोका आला, त्याच गुणाने इलाजही दिला आहे. ठोकळ्यांचा क्रम सर्व्हरने ठरवलेला असेल आणि माझ्या कळांची वेळेनुसार नोंद त्याच्याकडे जात असेल, तर तो माझा अख्खा डाव पुन्हा खेळून पाहू शकतो. लबाडी असेल तर निकाल जुळणार नाही. बोटांऐवजी एखादी प्रणाली कळा दाबत असेल तर मात्र ही तपासणी कुचकामी ठरते, कारण त्या कळा नियमात बसणाऱ्याच असतात. हे दुखणे ऑनलाइन बुद्धिबळालाही आहे आणि त्यावर पक्के औषध कुणाकडेच नाही.

माझ्या मांडणीला खरे खिंडार पडते ते वेगळ्याच जागी. समजा, शेवटचे दोघे उरलेत आणि दोघांनीही शंभर मिलिसेकंदांच्या अंतराने चार-चार ओळी उडवल्या. जाळ्यात दिरंगाई नसती तर पहिल्याचा हल्ला दुसऱ्याच्या रांगेत उभा राहिला असता, दुसऱ्याच्या चार ओळींनी तो पुसला असता आणि कुणालाच काही लागले नसते. पण हल्ले वाटेत एकमेकांना ओलांडून गेले, तर दोघांच्याही रांगेत चार-चार चौकोन उभे राहतात. म्हणजे दिरंगाईने निकाल बदलला. रांगेने ती झाकली खरी, पण पुरती पुसली नाही. २०२० मध्ये आलेल्या ‘टेट्र.आयओ’ या ब्राउझरवरच्या खेळात अशा ओलांडणाऱ्या हल्ल्यांचा हिशेब कसा करायचा हे नियमांतच ठरवलेले असते, वाटेतले हल्लेही परस्परांतून वजा करता येतात. ही नुसती बेरीज-वजाबाकी असल्यामुळे नंतर दुरुस्त करता येते; बसलेला ठोसा मागे घेण्यापेक्षा ते कितीतरी सोपे. एका प्रसंगात मात्र काहीच करता येत नाही. उरलेल्या दोघांची रास जवळपास एकाच क्षणी वरपर्यंत चढली, तर कोण आधी बुडाला हे ठरवायला कुठलीही रांग मदतीला येत नाही. तिथे कुणाचा तरी निरोप आधी पोहोचलेला असतो, आणि सर्व्हर तोच क्रम खरा धरतो.