विहारातला संगणक आणि दुसरे शील

14 ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. 1956 साली याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, लाखोंना दिली आणि 16 तारखेला ते चंद्रपूरला आले. गोंडपिपरी तालुक्यातून दरवर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीकडे निघणाऱ्यांना या दोन्ही तारखा तोंडपाठ असतात.

2025 च्या 14 ऑक्टोबरला आणखी एक गोष्ट घडली. तिचा धम्माशी संबंध नाही, पण आपल्या विहारांशी आहे. मायक्रोसॉफ्टने त्या दिवसापासून विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद केला. संगणक चालायचा थांबला नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट येणे थांबले. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष अपडेट मिळण्याची सोय कंपनीने ठेवली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज 11 घ्यावे म्हटले, तर साधारण 2018 पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर कंपनी त्याला मान्यता देत नाही. आणि विहारांच्या अभ्यासिकांत येणारे संगणक बहुधा त्याहून जुने, कुणीतरी वापरून मग दान दिलेले असतात.

तालुक्यातल्या अशाच एका अभ्यासिकेत आम्ही बसलो होतो. भिंतीवर सुवाच्य अक्षरात पंचशील रंगवलेले, त्याखाली टेबल, टेबलावर संगणक. एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, सगळे त्याच संगणकावर. मध्येच जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की विंडोज ‘फुल व्हर्जन’ टाकून मिळाले होते, म्हणजे कुलूप तोडलेले. टाकणाऱ्याने अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितले होते, कारण तो चालू केला की ‘क्रॅक’ची फाइल उडते. अपडेटही बंद.

आम्ही वर भिंतीकडे पाहिले. दुसरे शील, अदिन्नादाना वेरमणी. न दिलेले घेण्यापासून मी दूर राहीन.

गरिबाने केली तर चोरी कसली?

हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला आणि तो टाळण्यासारखा नाही. कंपनी अब्जावधी कमावते, आमच्या अभ्यासिकेची वर्गणी महिन्याला जेमतेम वीजबिलापुरती. मुलांनी शिकायचे तरी कसे?

याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की शील घेताना समोरचा किती श्रीमंत आहे याचा हिशेब आपण मांडत नाही. वस्तू दिलेली आहे की नाही, एवढेच पाहतो. दुसरे उत्तर जास्त व्यवहाराचे आहे. इथे नुकसान कंपनीपेक्षा आपले होते. कुलूप तोडणारी फाइल ज्याने बनवली त्याला आपण ओळखत नाही. ती चालवताना आपण त्याला संगणकाचे सर्वाधिकार देतो आणि राखणदाराला स्वतःहून बाहेर काढतो. त्या फाइलसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत आला, तर फटका बसेल तो अर्ज भरणाऱ्या मुलीला.

अपडेट बंद ठेवण्याची किंमत जगाने मे 2017 मध्ये पाहिली आहे. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सुमारे 150 देशांतल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले.

दिलेले सॉफ्टवेअर

चोरीला पर्याय म्हणजे महागडी खरेदीच, असे आपण धरून चालतो. पण एक तिसरा मार्ग गेली चाळीस वर्षे आहे. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवता यावे, आतून वाचता यावे, बदलता यावे आणि इतरांना वाटता यावे, या चार मोकळिकी त्यामागे होत्या. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जी संगणकप्रणाली तयार झाली तिच्या आज अनेक आवृत्त्या आहेत. उबुंटू, डेबियन, मिंट ही त्यातली काही नावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची आवृत्ती तयार केली, तिच्यात मराठीही आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. फुकट म्हणजे मुक्त नव्हे. व्हॉट्सअॅप फुकट आहे, पण त्याचा प्रोग्राम आपल्याला वाचायला किंवा बदलायला दिलेला नाही. मुक्त सॉफ्टवेअरसोबत परवाना येतो आणि त्यात काय दिले आहे ते लेखी असते. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली आहे त्याची अट अशी: तुम्ही हे इतरांना देणार असाल, बदलून दिलेत तरी, तर तुम्हाला मिळालेली मोकळीक त्यांनाही द्या. घेणाऱ्याने पुढे देणारा व्हावे, अशी ही अट. दानाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला ती समजावून सांगावी लागू नये.

आपल्या भागात या परवान्याचा रोकडा उपयोगही आहे. नेटवर्क धड नसलेल्या गावात दोन-तीन जीबीची फाइल उतरवणे म्हणजे दिवसभराचे काम. पण एकाने चंद्रपुरात ती अधिकृत संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर घेतली, तर तीच प्रत दहा विहारांना वाटता येते. हे वाटणे कायदेशीर आहे.

ग्रंथांचेही तेच

परवान्याचा प्रश्न सॉफ्टवेअरपुरता नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतो आणि ती पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे मूळ लेखन जानेवारी 2017 पासून सर्वांचे झाले. ते टाइप करून वाटायला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही. अनुवाद, प्रस्तावना आणि संपादकीय टिपा यांचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, ते पाहूनच छापावे. सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावर भिक्खू सुजातो यांनी पाली निकायांचे आपले इंग्रजी अनुवाद सर्व हक्क सोडून दिले आहेत. कुणीही ते घ्यावे, छापावे, त्यावरून मराठी करावे.

आपली स्थानिक पत्रके आणि स्मरणिका मात्र अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात. चळवळीचा दस्तऐवज असा कुलूपबंद राहणे परवडणारे नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट युनिकोडमध्ये आणि मुक्त परवान्याखाली आहे. लिबरऑफिसमध्ये त्यात टाइप केलेले पत्रक कुठल्याही संगणकावर वाचता येते.

तपासून घ्या, इथेही

मुक्त म्हणून सुरक्षित, असे आम्ही म्हणत नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या मुक्त प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. दोनेक वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने तो बसवला होता. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांना शंका आली आणि त्यांनी आत शिरून पाहिले. आत शिरून पाहता आले, कारण दार उघडे होते. कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. नावावर विश्वास ठेवू नये, आणि जिथे तपासायची मुभा आहे ती जागा निवडावी.

शिवाय कुठलीही प्रणाली घातली तरी माणसाची चूक उरतेच. भीमा कोरेगाव खटल्यात बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासणी केली. फेब्रुवारी 2021 मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार रोना विल्सन यांच्या संगणकात नेटवायर या प्रोग्रामच्या मदतीने बाहेरून फाइली ठेवल्या गेल्या. सुरुवात ओळखीच्या नावाने आलेल्या ईमेलच्या जोडणीतून झाली. तपास यंत्रणेला हा अहवाल मान्य नाही. पण ओळखीच्या नावाने आलेली फाइलही आधी फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये, एवढा धडा प्रत्येक कार्यकर्त्याने घ्यायला हवा.

सुरुवात कशी करायची

एकदम सगळे पुसू नका. आधी कागदपत्रांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढा. ती करताना प्रोग्रामच्या फाइली सोबत घेऊ नका, फक्त कागदपत्रे आणि फोटो. मग पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहा. असे चालवल्यास संगणकावर काही बदलत नाही. प्रिंटर चालतो का, अर्जाची संकेतस्थळे उघडतात का, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जमतो का, ते बघा. जमले तर बसवा. मुलांसाठी साधे खाते ठेवा, मुख्य पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे द्या आणि अपडेट चालू ठेवा. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमात विंडोज आणि ऑफिस शिकवतात. ते मुलांना यायलाच हवे, आणि तिथे ते रीतसर शिकता येईल.

त्या अभ्यासिकेतल्या संगणकावर आता लिनक्स आहे. प्रिंटर पहिल्या दिवशी चालला नाही, दुसऱ्या दिवशी चालला. एक-दोन मुले अजून कुरकुरतात. त्या मुलीला मात्र आम्ही आधी बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलायला लावला, कारण जुन्या संगणकावरून काय बाहेर गेले असेल ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षावासात पंचशील घेताना आपापल्या विहारातल्या संगणकाकडे एकदा पाहावे, एवढीच उपासक-उपासिकांना आमची विनंती.