संपला? असा कसा संपला?

कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) बघून लोक चिडतात. चार ऑस्कर मिळाले तरीही! दीड तास आपण पैशांची बॅग घेऊन पळणाऱ्या मॉसच्या मागे धावतो, आणि तो मरतो कुठे? पडद्याबाहेर. शेरीफ बेल उशिरा पोचतो, आपणही त्याच्यासोबतच. मारेकरी शिगर मोडका हात घेऊन निघून जातो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, म्हणजे कधी घाबरायचं तेही कोणी सांगत नाही. (नाणेफेकीच्या सीनला आमची अख्खी रूम चिडीचूप!)

पण मित्रांनो, गोष्ट मॉसची नाहीच, हात टेकलेल्या बेलची आहे. मॅकार्थीच्या मूळ कादंबरीत (२००५) त्याची स्वगतं मधूनमधून येतात. आपली चीड म्हणजे त्याचीच हतबलता. तेव्हा तो बायकोला स्वप्नं सांगेपर्यंत तरी ट्यूबलाइट लावू नका.